सरकार निवडते कोण?

निवडणुकीचा निकाल लागला, गुलाल उधळला गेला, की ‘अमक्याचे सरकार निवडून आले’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु काटेकोरपणे पाहू गेल्यास मतदार सरकार निवडीत नाही. तो प्रतिनिधी निवडतो. त्या प्रतिनिधींतून सरकार उभे राहते ते पुढच्या पायरीवर. एका पक्षास स्पष्ट बहुमत मिळाले, तर ही पायरी आपल्या नजरेसही येत नाही. ते न मिळाले, म्हणजे मात्र ती किती निसरडी आहे हे कळून येते. महाराष्ट्राने हा अनुभव २०१९ साली घेतला आहे. २४ ऑक्टोबरला निकाल लागले. मध्यंतरी राष्ट्रपती राजवट आली. एका सकाळी अचानक शपथविधी झाला, ते मंत्रिमंडळ चौथ्या दिवशी गेले, आणि २८ नोव्हेंबरला दुसरे आले. त्या महिनाभरात ‘आमच्या मताचे झाले काय?’ हा प्रश्न चौकाचौकांत विचारला जात होता. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आम्ही वाचकांना जरा दूर, स्कॉटलंडमध्ये नेणार आहोत.

स्कॉटलंड हा ब्रिटनचा एक घटक. १७०७ साली त्याची पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये विलीन झाली. पुढे १९९७ साली लोकांनी कौल दिल्यावर १९९९ पासून एडिंबरो येथे त्यांची स्वतःची प्रादेशिक पार्लमेंट पुन्हा सुरू झाली. शिक्षण, आरोग्य, न्यायदान हे विषय तिच्याकडे. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडनकडे. तिचे सभासद १२९. प्रत्येक मतदारास दोन मते असतात. पहिल्या मताने आपल्याप्रमाणेच मतदारसंघातील एक उमेदवार निवडावयाचा. अशा जागा ७३. दुसरे मत पक्षाच्या यादीस द्यावयाचे, आणि उरलेल्या ५६ जागा अशा रीतीने वाटावयाच्या की पहिल्या मोजणीत ज्या पक्षावर अन्याय झाला असेल, त्याची काहीशी भरपाई व्हावी. यामुळे मते आणि जागा यांचे प्रमाण बरेचसे जुळते; पण त्याबरोबरच एका पक्षास बहुमत मिळणेही दुर्मिळ होते.

३ मे २००७ रोजी तिथे निवडणूक झाली. स्कॉटिश नॅशनल पक्षाला ४७, मजूर पक्षाला ४६, हुजूर पक्षाला १७, लिबरल डेमोक्रॅटांना १६, हरित पक्षाला २ आणि एका अपक्षास १ अशा जागा मिळाल्या. बहुमतास हवे होते ६५. म्हणजे पहिला आलेला पक्ष दुसऱ्याहून अवघ्या एका जागेने पुढे, आणि बहुमतापासून १८ जागा दूर! त्यातच मतपत्रिकांच्या गोंधळात सुमारे १ लाख ४६ हजार मते बाद झाली होती. लिबरल डेमोक्रॅट आठ वर्षे मजूर पक्षाबरोबर सत्तेत होते. स्वातंत्र्याच्या सार्वमताचा आग्रह धरणाऱ्या नॅशनल पक्षाशी संसार मांडण्यास त्यांनी नकार दिला.

आता पुढे काय? येथेच त्या देशाच्या कायद्यातील एक साधे कलम कामी आले. निवडणुकीनंतर २८ दिवसांच्या आत सभागृहाने आपल्यातील एकाचे नाव मुख्यमंत्रिपदासाठी सुचवलेच पाहिजे. न सुचवल्यास पुन्हा निवडणूक. कोणास बोलवावे हे कोणी राज्यपाल ठरवीत नाही. सभागृह नाव सुचवते आणि राजसत्ता नेमणूक करते. १६ मे रोजी उघड मतदान झाले. ॲलेक्स सामंड यांना ४९ मते, मावळते मुख्यमंत्री जॅक मॅकोनेल यांना ४६. ३३ सभासद तटस्थ राहिले. त्या ४९ मध्ये हरित पक्षाची दोन मते होती. तटस्थ राहिलेल्यांनी सामंड यांना पाठिंबा दिला नाही, पण वाटही अडवली नाही. दोन आठवड्यांच्या आत सरकार आले, आणि कोण कोणत्या बाजूस उभा होता हे सर्व देशाने पाहिले.

असे अल्पमतातील सरकार टिकेल काय, ही शंका रास्तच होती. जानेवारी २००९ मध्ये त्याचे अंदाजपत्रक ६४ विरुद्ध ६४ अशा समान मतांवर अडले आणि सभाध्यक्षांच्या निर्णायक मताने फेटाळले गेले. पण आठवड्याभरात वाटाघाटी होऊन तेच अंदाजपत्रक १२३ विरुद्ध २ मतांनी संमत झाले! प्रत्येक विधेयकासाठी विरोधकांची समजूत घालीत या सरकारने चार वर्षे पुरी केली, आणि २०११ साली मतदारांनी त्याच पक्षास ६९ जागा देऊन स्पष्ट बहुमत दिले.

आता आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ. मार्च १९६५ मध्ये केरळात निवडणूक झाली. १३३ जागांत कोणासही बहुमत नव्हते. सर्वांत मोठ्या मार्क्सवादी पक्षास ४० जागा मिळाल्या होत्या, आणि त्याचे अनेक निर्वाचित सदस्य स्थानबद्ध होते. स्थिर सरकार होणे शक्य नाही असे ठरवून ती विधानसभा एकदाही न भरता विसर्जित करण्यात आली. १९६७ पर्यंत केरळात राष्ट्रपती राजवट राहिली. सरकार होऊ शकले असते की नाही, हे सांगणे कठीण; पण निवडून आलेल्या माणसांना तो प्रश्न एकदाही विचारला गेला नाही, हे खरे.

आपल्या राज्यघटनेप्रमाणे मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात. प्रथम कोणास पाचारण करावे आणि किती दिवस वाट पाहावी, हे घटनेत स्पष्ट लिहिलेले नाही. बहुमताचा निवाडा राजभवनात नव्हे, सभागृहातच व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बोम्मई खटल्यात सांगितले, आणि २०१९ साली महाराष्ट्रातही मतदान सभागृहातच घेण्याचा आदेश दिला. परंतु न्यायालयाची पायरी चढावी लागणे, हेच नियम अपुरा असल्याचे लक्षण नव्हे काय?

स्कॉटलंडची पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे आमचे म्हणणे नाही. तिथे पक्षांतराची धास्ती आपल्याइतकी नाही. पण ठरावीक मुदत आणि सभागृहातील उघड मतदान, या दोन गोष्टी कोणत्याही लोकशाहीस परक्या नाहीत. आपले मत मतपेटीत वा यंत्रात पडल्यावर संपत नाही. ते आपल्या प्रतिनिधीच्या हातून सभागृहात पुन्हा एकदा मोजले जाते. ती दुसरी मोजणी आपल्या डोळ्यांदेखत व्हावी, एवढा आग्रह तरी आपण नागरिकांनी धरावयास हवा.