खात्यातील रक्कम चोरीस गेल्यास काय करावे?

शेतकरी बंधूंनो, कापूस, संत्रा किंवा सोयाबीनच्या विक्रीचे पैसे आता पुष्कळदा थेट बँक खात्यात जमा होतात. समजा, आपण काटोलहून सीताबर्डीला खरेदीसाठी आला आहात आणि परतीच्या वाटेवर मोबाईलवर २०,००० रुपये वजा झाल्याचा संदेश आला. व्यवहार आपण केलेला नाही. अशा वेळी 'सवडीने शाखेत विचारू' असे म्हणून दिवस दवडू नये. रक्कम परत मिळणे हे पुष्कळ अंशी आपण किती लवकर कळविले यावर अवलंबून असते.

नियम काय आहेत?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांसाठी व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी नियम घालून दिले. त्यातील मुख्य बाबी अशा :

१) चूक बँकेची असल्यास सर्व नुकसान बँकेने सोसावे, ग्राहकाने कळविलेले असो वा नसो.

२) चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही, अशा वेळी संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळविल्यास ग्राहकास तोशीस लागत नाही. संदेश आला तो दिवस मोजू नये. सोमवारी संदेश आला व मध्ये सुट्टी नसली, तर गुरुवारपर्यंत मुदत मिळते.

३) ४ ते ७ दिवसांत कळविल्यास मूलभूत बचत खात्यावर जास्तीत जास्त ५,००० रुपये व इतर बचत खात्यांवर १०,००० रुपये एवढाच भार ग्राहकावर पडतो. त्यानंतर बँकेचे धोरण लागू होते.

४) ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दुसऱ्यास सांगितला असल्यास कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. कळविल्यानंतर पुन्हा रक्कम गेल्यास ती जबाबदारी बँकेची.

तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करावी व ९० दिवसांत निर्णय द्यावा, असेही या नियमांत सांगितले आहे. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून सध्याच्या मर्यादा शाखेत विचारून घ्याव्यात.

हे नियम कागदावरच राहिलेले नाहीत. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्याच आधारे बँक ऑफ बडोदाला एका ग्राहक कंपनीचे सुमारे ७६ लाख ९० हजार रुपये परत करण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणात ग्राहकाची चूक आढळली नव्हती.

तक्रार कशी करावी?

१) प्रथम बँकेच्या मदत क्रमांकावर कळवून खाते व कार्ड बंद करावे. तक्रार क्रमांक, तारीख व वेळ लिहून ठेवावी.

२) लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. रक्कम चोराच्या हाती पडण्यापूर्वी वाटेतच गोठविता येऊ शकते. गोठविलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते. आपण स्वतः फसून पैसे पाठविले असतील तर हाच मार्ग अधिक उपयोगी ठरतो.

३) शाखेत लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. संदेश पुसू नयेत.

४) ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. रिझर्व्ह बँकेचे नागपूर कार्यालय सीताबर्डीपासून जवळ असले, तरी पहिली तक्रार आपल्या बँकेकडेच करावी लागते. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.

घ्यावयाची काळजी

पैसे मिळविण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला गेला की पैसे आपल्या खात्यातून जाणार, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे. पीएम किसान योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल उघडू नये. बँकेत नोंदविलेला मोबाईल क्रमांक चालू ठेवावा व बँकेचा मदत क्रमांक पासबुकावर आजच लिहून ठेवावा.