रक्तदात्यांच्या रक्तातून साथीचा माग कसा काढतात?

"डॉक्टर, आईच्या अँटीबॉडीज भरपूर आल्यात. मग लस कशाला?" २०२१ च्या उन्हाळ्यात बीडमध्ये हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळायचा. सोबत लॅबचा रिपोर्ट असायचा. त्या रिपोर्टचा त्या आईला फारसा उपयोग नव्हता. हीच तपासणी हजारो लोकांची केली, तर मात्र साथ कुठवर पोचली ते कळतं.

विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी अँटीबॉडीज रक्तात दिसू लागतात आणि पुढे काही महिने राहतात. आरटीपीसीआर आजचा संसर्ग दाखवते, तर अँटीबॉडी तपासणी होऊन गेलेला. म्हणजे अंग मोडून आलं, काढा घेतला, कामावर गेलो, असं म्हणणाराही या मोजणीत सापडतो.

आपला बीड जिल्हा अशा मोजणीत पहिल्यापासून होता. मे-जून २०२० मध्ये आयसीएमआरने देशातले ७० जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव. प्रत्येक जिल्ह्यात १० गावं किंवा वॉर्ड, एका घरातून एक प्रौढ, असे सुमारे ४०० जण. तपासणी पुण्याच्या एनआयव्हीने तयार केलेल्या 'कवच' एलायझा किटवर. देशात ०.७३ टक्के लोकांत अँटीबॉडीज सापडल्या. बीडमध्ये शंभरात साधारण एक. आकडा किरकोळ वाटतो ना? पण त्यावरून मे २०२० च्या सुरुवातीपर्यंत देशात सुमारे ६४ लाख प्रौढांना संसर्ग झाल्याचा अंदाज निघाला. तेव्हा नोंद झालेले रुग्ण होते पन्नास हजारांच्या आसपास.

इतक्या कमी प्रमाणात एक अडचण असते. समजा ४०० पैकी खरे बाधित ४ आहेत आणि तपासणी शंभरात एकदा चुकून पॉझिटिव्ह येते. मग जवळपास आणखी ४ खोटे पॉझिटिव्ह त्यात मिसळतात, म्हणजे निम्मा आकडा चुकीचा. म्हणूनच पॉझिटिव्ह नमुने वेगळ्या एलायझाने पुन्हा तपासले गेले.

घरोघरी जाऊन रक्त घेणं वेळखाऊ असतं. तिसरी फेरी डिसेंबर २०२०-जानेवारी २०२१ मध्ये झाली, चौथी थेट जून-जुलैमध्ये. तिच्यात देशाचा आकडा ६७.६ टक्के निघाला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन माणसं घेऊन गेली होती.

इथे रक्तपेढी कामाला येते. रक्ताची प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया यांसाठी तपासावीच लागते. त्याच नमुन्यावर अँटीबॉडी तपासणी केली, तर वेगळी सुई टोचावी लागत नाही आणि दर महिन्याला आकडा मिळतो. अमेरिकेत २०२० पासून सुमारे १४ लाख रक्तदात्यांचे नमुने असे तपासले गेले. इंग्लंडनेही हेच केलं.

पण रक्तदाता म्हणजे अख्खा जिल्हा नव्हे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. आपल्याकडच्या शिबिरांत, जयंती असो की पुढाऱ्याचा वाढदिवस, रांगेत बहुतेक तरुण पुरुषच असतात. बायका हिमोग्लोबिनवरच मागे पडतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं नियमानेच बाहेर. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तर जिल्ह्यातच नसतात. त्यामुळे टक्केवारी जशीच्या तशी जिल्ह्याला लावू नये, वय आणि लिंगानुसार दुरुस्त करावी लागते. मात्र दाते दर महिन्याला साधारण तसेच असतील, तर आकडा चढतोय की थांबलाय हे बऱ्यापैकी खरं कळतं.

लसीनंतर हिशेब आणखी अवघड झाला. कोविशिल्डने फक्त विषाणूच्या काट्याविरुद्ध, म्हणजे स्पाइकविरुद्ध अँटीबॉडीज तयार होतात. त्यामुळे आतल्या एन प्रथिनाविरुद्धच्या सापडल्या, तर संसर्ग होऊन गेला असं म्हणता येतं. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असल्याने तिच्यामुळे दोन्ही येऊ शकतात. म्हणून अमेरिकेतली सरळ वाटणी आपल्याकडे तशीच चालत नाही.

एक विनंती. फुकटात तपासणी होईल म्हणून ताप-खोकला असताना शिबिरात जाऊ नका. आजाराच्या पहिल्या दिवसांत अँटीबॉडीज नसतातच, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह येईल आणि शेजारच्या खाटेवरच्याला मात्र संसर्ग होईल.

त्या आईच्या मुलाला मी सांगितलं, "अमुक आकड्याच्या वर माणूस सुरक्षित, अशी रेघ कुणी ठरवलेली नाही. लॅब बदलली की आकडाही बदलतो. रिपोर्ट फाइलला लावून ठेवा. बरं होऊन तीन महिने झाले, की आईला लसीला घेऊन जा."