गाव न सोडलेला सभासद

एप्रिल २०२१ मधली एक रात्र. दीड वाजून गेला होता. मेव्हण्यांच्या बोटाला लावलेल्या त्या चिमुकल्या यंत्रावर ८४ चा आकडा लुकलुकत होता आणि पुण्यात ऑक्सिजनची खाट मिळत नव्हती. ओळखीपाळखीचे सगळे नंबर फिरवून झाल्यावर शेवटचा उपाय म्हणून मी आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींना फोन लावला. त्यांचे नाव मुद्दाम सांगत नाही. त्यांना मी कधी मत दिलेले नाही आणि त्यांच्या वाढदिवसाच्या फलकांची चहाच्या टपरीवर यथेच्छ टिंगल केलेली आहे. दुसऱ्याच घंटीला त्यांनी फोन उचलला. ‘‘खाट नाहीये, खोटं सांगत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मी एका हॉस्पिटलच्या दारातच उभा आहे. पेशंटला पालथं झोपवा आणि फोन जवळ ठेवा.’’ सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. मेव्हणे वाचले.

साथीच्या दिवसांत लोकप्रतिनिधीने नेमके करायचे तरी काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून आहे. तो डॉक्टर नसतो आणि साथ आटोक्यात आणण्याचे अधिकार असतात अधिकाऱ्यांच्या हाती. कायदे करणे हे त्याचे काम म्हणावे, तर मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो साथरोग कायदा लागू केला तो होता चक्क १८९७ सालचा. राणीच्या राज्यातला! त्या सालामुळेच माझे मन पुण्यातल्या जुन्या प्लेगकडे वळले.

प्लेग म्हटला की आपल्याला रँड आठवतो, चापेकर आठवतात, गणेशखिंडीचा रस्ता आठवतो. ‘२२ जून १८९७’ या नावाचा चित्रपटही आपण पाहिलेला असतो. पण त्या वर्षी लोकमान्य टिळक हे मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलचे निवडून आलेले सभासद होते, ही गोष्ट कितीजणांच्या लक्षात असते? १८९५ मध्ये मध्य विभागातल्या लोकल बोर्डांनी त्यांना निवडून दिले आणि १८९७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. ‘लोकप्रतिनिधी’ हा शब्द त्यांच्या बाबतीत अगदी काटेकोर अर्थाने लावता येतो. अर्थात त्या काळातल्या मर्यादांसह. सामान्य रयतेला मत नव्हतेच. आणि सभासदाला तरी काय होते? १८९२ च्या कायद्याने त्याला प्रश्न विचारता येत होते, पण उत्तरावर उपप्रश्न नाही. अंदाजपत्रकावर बोलता येत होते, पण मत देता येत नव्हते. थोडक्यात, मानाची खुर्ची.

त्यात प्लेगच्या आधी दुष्काळ येऊन बसला होता. १८९६ च्या दुष्काळात सरकारने स्वतःच केलेल्या नियमांनी रयतेला कोणते हक्क दिले आहेत, ते टिळकांनी केसरीतून लोकांना समजावून सांगितले. पुण्यात स्वस्त धान्याची दुकाने निघावीत म्हणून खटपट केली. सोलापूर आणि नगरच्या विणकरांचे हाल ऐकून ते तिकडे गेले, तिथल्या पुढाऱ्यांबरोबर बसून सरकारच्या सहकार्याने मदतीची एक योजना आखली. सरकारने ती नाकारली. दुसरा एखादा असता तर ‘आम्ही प्रयत्न केला’ म्हणून मोकळा झाला असता.

मग प्लेग पुण्यात शिरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, रँडसाहेब प्लेग कमिटीचे प्रमुख झाले आणि मार्चच्या मध्यापासून गोरे सोजीर घराघरांत झडतीला शिरू लागले. देवघरात बूट, माजघरात बूट. रोगी सापडला की तो संगमावरच्या इस्पितळात आणि घरचे स्वारगेटच्या छावणीत. सामानाची होळी. गंमत अशी, की उंदरावरची पिसू हा रोग पसरवते हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले ते १८९८ मध्ये. म्हणजे जिच्यासाठी घरे खणली, ती कोणालाच ठाऊक नव्हती.

पुण्यातले पुष्कळसे पुढारी या काळात गाव सोडून गेले. टिळक गेले नाहीत. त्यांनी केलेली कामे पाहिली तर ती इतकी साधी आहेत की चरित्रांमध्ये ती राजद्रोहाच्या खटल्याच्या सावलीत झाकली जातात. हिंदू प्लेग हॉस्पिटल काढले, त्यासाठी वर्गणी गोळा करत हिंडले, त्याची व्यवस्था पाहिली. झडतीच्या पथकांबरोबर स्वयंसेवक म्हणून ते स्वतः फिरले. छावणीत मोफत अन्नछत्र घातले. लोकांच्या तक्रारी रँडसाहेबांपर्यंत आणि थेट गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्यापर्यंत नेल्या. वेगळ्या हिंदू इस्पितळाची कल्पना आज आपल्याला खटकेल, मलाही खटकते. पण सरकारी इस्पितळात गेलो तर जातही जाईल आणि जीवही, या भीतीने लोक रोगी माळ्यावर लपवीत होते. तो रोगी माळ्यावरून खाली यावा, हा त्यातला व्यवहार होता.

मला सर्वांत अवघड वाटते ते त्यांचे लिहिणे. रोग्याला वेगळे ठेवणे, घरे धुणे, झडती घेणे हे उपाय आवश्यक आहेत असे त्यांनी लोकांना सांगितले, आणि ते माणुसकीने राबवा असे सरकारला सांगितले. लोकांना विनाकारण प्रतिकार करू नका म्हणाले, आणि पळून गेलेल्या पुढाऱ्यांची केसरीतून खरडपट्टी काढली. संतापलेल्या गावात असे बोलणे म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाण्याची तयारी. ‘रँडला हाकला’ एवढेच लिहिले असते तर टाळ्या कितीतरी सोप्या होत्या. पुढे झडत्यांचा जाच वाढत गेला तशी त्यांची भाषाही तापत गेली, हे खरे आहे. ते कोणी लपवू नये.

आणखी एक नाव इथे घ्यायला हवे. झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यासाठी रोग्यांची सेवा करता करताच त्यांना रोग झाला. कौन्सिलची खुर्ची त्यांच्याकडे नव्हती. गोपाळ कृष्ण गोखल्यांचीही गोष्ट त्याच वर्षातली. विलायतेत असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोजिरांवर गंभीर आरोप केले, पुरावा उभा राहिला नाही, आणि त्यांना माफी मागावी लागली. ती नामुष्की पोटात घालून ते परत आले आणि प्लेगच्या कामाला लागले.

टिळकांना याचे काय मिळाले? २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, २७ जुलैला टिळकांना अटक झाली, आणि सप्टेंबरात दीड वर्षाची सक्तमजुरी. केसरीतल्या शिवाजी महाराजांवरच्या मजकुराबद्दल. सभासदाने इस्पितळ काढले होते, ही गोष्ट न्यूरींच्या तराजूत फारशी भरली नसावी. नऊ न्यूरींपैकी सहा गोरे त्यांच्या विरुद्ध गेले, तिघे हिंदी त्यांच्या बाजूने. ते सुटून आले तरी प्लेग पुण्यातून गेला नव्हता. तो वर्षानुवर्षे परत परत येत राहिला, आणि १९०३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ त्याच रोगाने गेला.

आमच्या लोकप्रतिनिधींची मी टिळकांशी तुलना करत नाही. त्यांनाही ती आवडणार नाही. निदान चारचौघांत नाही. पण मेव्हणे घरी आल्यावर जूनमध्ये मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते आंघोळीला गेले होते. टेबलावर एक जाड वही उघडी पडली होती. ओळीने नावे, फोन नंबर आणि पुढे एक आकडा. मेव्हण्यांच्या नावापुढे ८४ लिहिलेले सापडले. त्याच पानावर आणखी अकरा नावे होती, आणि त्यातल्या चारांवर रेघ मारलेली होती. ते बाहेर आले, पेढा घेतला, ‘‘कसे आहेत आता?’’ म्हणाले. वहीबद्दल मी काही विचारले नाही.