इंग्रजी शब्दसंग्रहाचा मधला थर

मराठी माध्यमातून पदवी घेतलेला विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात इंग्रजी ग्रंथ वाचताना नेमका कोठे अडतो, हे पाहण्यासारखे आहे. ‘फोनीम’सारख्या पारिभाषिक शब्दापाशी तो फारसा अडत नाही, त्याची व्याख्या अध्यापक देतात, ‘स्वनिम’ हा प्रतिशब्दही सिद्ध आहे. नित्य व्यवहारातील शब्द शाळेपासून परिचयाचे असतात. तो अडतो ते ‘अझ्यूम’, ‘कन्स्टिट्यूट’, ‘डिराइव्ह’ अशा शब्दांपाशी. हे शब्द कोणत्याही एका विषयाचे नव्हेत; म्हणूनच ते शिकविणे कोणासही आपले काम वाटत नाही.

हा थर वेगळा काढून दाखविण्याचे श्रेय दोन याद्यांकडे जाते. बंगालमधील मुलांच्या इंग्रजी वाचनाचा अभ्यास केलेल्या मायकेल वेस्ट यांनी 1953 साली सुमारे 2,000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांचे शेकडा प्रमाणही दिले आहे. पुढील कित्येक याद्यांत हा विवेक आढळत नाही. 2000 साली न्यूझीलंडमधील अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे 35 लक्ष शब्दांचे विद्यापीठीय लेखन तपासले आणि वेस्ट यांचे शब्द वगळून 570 शब्दकुले निवडली. तपासलेल्या लेखनाचा सुमारे दशांश भाग एवढ्या कुलांनी व्यापला होता. दर दहा शब्दांत एक शब्द अंधुक राहिला, तर वाक्य कळल्याचा केवळ भास होतो.

तथापि या 570 कुलांचे मराठी अर्थ पाठ केल्याने काम भागत नाही. कोश प्रतिशब्द देतो. शब्दाची संगत क्वचितच देतो. ‘विषयावर चर्चा करणे’ या रचनेच्या ओढीने विद्यार्थी ‘डिस्कस’ पुढे ‘अबाउट’ जोडतो, वास्तविक त्या क्रियापदास कर्म सरळ लागते. ‘परीक्षा देणे’ यावरून तो परीक्षेस ‘गिव्ह’ लावतो. इंग्लंडमधील विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. (भारतीय इंग्रजीत हा प्रयोग इतका रुळला आहे की त्यास दोष म्हणावे की नाही, हा निराळा वाद.) ‘इश्यू’ची गोष्ट आणखी फसवी. बोलण्यातल्या मराठीत तो ‘तक्रार, अडचण’ एवढ्यावर स्थिरावला. ग्रंथात तो वादमुद्दा असतो, नियतकालिकाचा अंक असतो, क्रियापदही असतो.

संस्कृत व्युत्पत्तीचा परिचय असलेल्यास येथे एक सोय आहे. ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार व्हावेत, तद्वत ‘घेणे’ या अर्थाच्या एका लॅटिन धातूपासून ‘अझ्यूम’, ‘कन्झ्यूम’, ‘प्रिझ्यूम’, ‘रिझ्यूम’ सिद्ध झाले आहेत. परंतु ‘हरण करणे’ यावरून ‘आहार’चा अर्थ काढता येत नाही, तसा ‘घेणे’ यावरून ‘अझ्यूम’चाही येत नाही. व्युत्पत्तीने कळलेला शब्द स्मरणात राहतो. न कळलेला कळत नाही. अध्यापनात या दोहोंची गल्लत वारंवार होते.

म्हणून विद्यार्थ्याच्या वहीत शब्द आणि अर्थ असे दोन रकाने असण्यापेक्षा, स्वतःच्या विषयाच्या ग्रंथातून उतरलेले संपूर्ण वाक्य असावे; क्रियापदाचे कर्म व पुढील अव्यय त्यात अधोरेखित असावे. तोच शब्द दुसऱ्या ग्रंथात भेटला की ते वाक्य पहिल्याच्या खाली लिहावे. ‘इश्यू’खाली तीन वाक्ये जमली, म्हणजे त्याचे तीन अर्थ निराळे सांगावे लागत नाहीत.