एंजिनाचें पाणी जातें कोठें?

इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बर्था बेंझ ह्या जर्मन स्त्रीनें आपल्या पतीनें बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारें १०० किलोमीटरांचा प्रवास केला. त्या गाडीचें एंजिन थंड राखण्यासाठीं घातलेलें पाणी वाफ होऊन उडून जात असे. म्हणून वाटेंत जेथें मिळेल तेथें पाणी भरावें लागे. मोटारीनें पाणी पिणें हा त्या काळीं तिचा स्वभावच होता. आजची गोष्ट निराळी आहे. आजच्या मोटारींतील पाणी बंद मार्गानें रेडिएटर व एंजिन ह्यांमधून फिरत राहतें, आणि महिनेच्या महिने तें जवळजवळ तेवढेंच राहिलें पाहिजे. तें वारंवार कमी होऊं लागलें आणि गाडीखालीं जमिनीवर थेंबहि दिसत नसला, तर तें जातें कोठें? ह्या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. एखाद्या टेंपोवाल्याचें सगळें घर त्या एका एंजिनावर चालत असतें. त्यानें रोज पाणी भरून गाडी तशीच दामटली, तर एके दिवशीं एंजिनच निकामी होतें. उलट पहिल्याच संशयावरून एंजिनाचें हेड उतरविलें आणि दोष तेथें नाहींच असें दिसून आलें, तर मजुरी, नवें गॅस्केट आणि बुडालेले रोजगाराचे दिवस ह्यांचा भुर्दंड विनाकारण बसतो. रोग्याचें पोट चिरण्यापूर्वीं वैद्य त्याची नाडी व जीभ पाहतो. तोच क्रम येथेंहि पाळला पाहिजे.

प्रथम एंजिनाच्या रचनेकडे पाहूं. खालच्या भागास ब्लॉक म्हणतात. त्यांतील सिलिंडरांत पिस्टन वरखालीं होत असतात. ब्लॉकावर हेड बोल्टांनीं आवळून बसविलेलें असतें, आणि दोहोंच्या मध्यें गॅस्केट नांवाचा पातळ थर असतो. ह्या सांध्यापाशीं तीन शेजारी राहतात: सिलिंडरांतील जळता वायु, भोंवतालचें पाणी आणि वंगणाचें तेल. त्यांनीं एकमेकांच्या घरांत शिरूं नये, हें पाहणें गॅस्केटाचें काम. परंतु पुष्कळ एंजिनांत हेड अॅल्युमिनियमचें व ब्लॉक बिडाचा असतो, आणि सारख्याच उष्णतेनें अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. घाट चढतांना एंजिन अतिशय तापलें कीं हेड किंचित् वांकतें, गॅस्केटावरील दाब सर्वत्र सारखा राहत नाहीं, आणि कुंपण मोडतें. कधीं हेडास किंवा ब्लॉकासच चीर जाते. ट्रक व ट्रॅक्टर ह्यांच्या पुष्कळ डीझेल एंजिनांत लायनर नांवाची सिलिंडरची नळी प्रत्यक्ष पाण्यांत उभी असते. तिच्या खालच्या टोकाच्या रबरी रिंगा खराब झाल्या म्हणजे पाणी थेट तेलाच्या चेंबरांत उतरतें.

तथापि आंतील गळतीचा आरोप करण्यापूर्वीं बाहेरील गळती नाहीं, अशी खात्री करावी. रबरी नळ्या, वॉटर पंपाखालील बारीक भोंक, रेडिएटरचे सांधे व झाकण हीं सर्व तपासावीं. तापलेल्या भागावर पडलेला थेंब खालीं पोंचण्यापूर्वींच वाळतो. मागें पांढरा किंवा रंगीत डाग मात्र राहतो. झाकणाचें महत्त्व पुष्कळांस ठाऊक नसतें. त्याची स्प्रिंग आंत दाब राखते, आणि दाब सुमारें एका वातावरणानें वाढला तर साधें पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंश सेल्सिअसवर उकळतें. स्प्रिंग निकामी झाली तर गॅस्केट शाबूत असूनहि पाणी बाहेर उतूं जातें. मात्र हें झाकण गरम असतां कधींहि उघडूं नये. दाब सुटतांच पाणी एकदम उसळून तोंड व हात भाजतात. एंजिन पूर्ण निवाल्यावर तेथें मापकासह हातपंप लावावा, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा आणि सुमारें १५ मिनिटें वाट पाहावी. कांटा खालीं आला आणि बाहेर कोठेंच ओल दिसली नाहीं, तर आंतील गळतीचा संशय बळावतो.

आंत गेलेल्या पाण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली सिलिंडरांत जाणारी. अशा वेळीं सायलेन्सरमधून पांढरी दाट वाफ येते. पाण्यांत मिसळलेल्या एथिलीन ग्लायकॉलामुळें तिला गोडसर वास येतो. परंतु हें द्रव्य विषारी आहे, म्हणून त्याची चव कधींहि घेऊं नये. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळीं सुरू करतांना अडखळते, आणि सर्व प्लग काढून पाहिले तर एखादाच धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. परंतु एवढ्यावरूनच निर्णय करूं नये. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी तयार होतें. थंडीच्या सकाळीं तीच वाफ निरोगी मोटारीहि सोडतात. एंजिन चांगलें तापल्यावरहि ती थांबली नाहीं, तरच तिला पुरावा मानावें.

दुसरी वाट तेलांत जाणारी. तेव्हां तेल दुधाळ होतें व डिपस्टिकवरील पातळी चढते. येथेंहि एक फसवें चिन्ह आहे: रोज थोडेंच अंतर चालणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखालीं दमट हवेमुळें पिवळट साय धरते, तीवरून घाबरूं नये. गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळीं चेंबरचा बोल्ट सावकाश सैल करावा. पाणी तेलापेक्षां जड असल्यामुळें सांचलेलें पाणी आधीं बाहेर येईल.

याखेरीज उलट प्रवासहि घडतो, म्हणजे जळता वायु पाण्यांत शिरतो. थंड एंजिन सुरू करतांच रेडिएटरची नळी टणक होते व पाण्यांत सतत बुडबुडे येतात. ह्याची परीक्षा आमच्या विद्यार्थ्यांस विशेष आवडेल. ब्रोमोथायमॉल ब्लू ह्या निळ्या द्रवांतून रेडिएटरमधील हवा ओढून घेतात. तींत कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग हिरवट व मग पिवळा होतो. प्रयोगशाळेंत नळीनें श्वास फुंकला असतां होतो तोच हा पालट. मात्र रंग पालटला नाहीं म्हणून एंजिन निर्दोष ठरत नाहीं. गळती पाणी व तेल ह्यांच्यामध्येंच असेल तर वायूचा तेथें संबंधच येत नाहीं.

म्हणून आमचा नियम असा कीं, दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्यावांचून हेड उतरवूं नये. शेजारच्या दोन सिलिंडरांचें कॉम्प्रेशन सारखेंच कमी भरलें, तर त्यांच्यामधील गॅस्केट फुटलें असण्याचा फार संभव असतो. एकेका सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतां त्यांत दाबाची हवा सोडावी. ज्याच्या वेळीं रेडिएटरांत बुडबुडे येतील तो दोषी. डीझेल गाडींत आणखी एक जागा पाहावी. पुष्कळ नव्या एंजिनांत धूर थंड करून पुन्हां आंत सोडणारा ईजीआर कूलर असतो. तो आंतून फुटला तरीहि पाणी नाहींसें होतें व पांढरी वाफ निघते. तेथें हेड उतरविणें म्हणजे निरपराध्यास शिक्षा करणें होय.

रेडिएटरांत हळद टाकून गळती बुजविण्याचा उपाय रस्त्यावर पुष्कळांस ठाऊक आहे. रेडिएटरच्या बारीक भोंकास तो घटकाभर उपयोगी पडेलहि. परंतु सिलिंडरांतील दाबापुढें त्याचें कांहीं चालत नाहीं, आणि बारीक मार्ग मात्र तुंबतात. आंतील गळती ठरल्यावर गाडी चालवूं नये, ओढून न्यावी. पाणी मिसळलेलें तेल बेअरिंगें खातें. आणि पाणी दाबलें जात नसल्यामुळें सिलिंडरांत तें पुरेसें सांचलें तर स्टार्टर मारतांच कनेक्टिंग रॉड वांकतो.

ह्या सर्व परीक्षांच्या आधीं एक बिनखर्चाची परीक्षा प्रत्येक चालकास करतां येते. एंजिन थंड असतां टाकीवरील खुणेपर्यंत पाणी भरावें, आणि किती किलोमीटरांत किती पाणी घालावें लागलें तें तारखेसह वहींत लिहावें. आठवड्याची अशी नोंद मिस्त्रीच्या हातीं दिली, तर त्याचें निम्में काम तेथेंच होईल आणि चालकाचे पैसेहि वांचतील.