फुलोऱ्याच्या आधी

इंडोनेशियातल्या सेराम बेटावर, गोड्या पाण्याच्या दलदलीत वाढलेला सागो माड कधी पाडायचा, हे शेंड्याकडे बघून ठरतं. नव्या झावळ्या आखूड निघू लागल्या, शेंडा फुगला, की तुरा जवळ आला असं समजतात. तरीही खोडाला खाच पाडून गाभा बोटांत चुरडून पाहिला जातो. बोटं पांढरी झाली तरच कुऱ्हाड चालते.

मेट्रोझायलॉन सागू हे या झाडाचं शास्त्रीय नाव. ते आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. दहा-पंधरा वर्षं खोडात साठवलेलं सगळं पिष्ट त्या एका फुलोऱ्यात आणि फळांत खर्ची पडतं. लवकर तोडलं तर साठा अपुरा, उशीर झाला तर हाती नुसता चोथा. नेमक्या वेळी पाडलेल्या चांगल्या खोडातून दीडशे ते तीनशे किलो कोरडं पिष्ट मिळतं. बी पेरायची गरज पडत नाही. बुंध्याशी फुटवे असतात, एक माड गेला की त्यांतला एखादा वर चढतो.

पाडलेलं खोड जागीच फोडतात. वरच्या बाजूची साल पट्टीसारखी काढली की फिकट, ओलसर, धागेदार गाभा उघडा पडतो. साल बोटभरसुद्धा जाड नसते, पण चांगली टणक. आत सगळा गाभाच. तो लाकडी अवजाराने खरवडत, ठेचत मागे सरकायचं. कमरेत वाकून, चिखलात पाय रोवून. आता अनेक गावांत हे काम इंजिनावरची खवणी करते.

मग धुणं. झावळीच्या रुंद बुडख्याची पन्हळ पाण्याजवळ तिरकी लावतात आणि तिच्यात नारळाच्या झाडावरच्या जाळीदार धाग्यांची गाळणी बसवतात. भुसा तिच्यात टाकून, वरून पाणी ओतत, दोन्ही हातांनी मळत राहायचं. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्या बाईला हे सगळं ओळखीचं वाटेल. दुधाळ पाणी खालच्या पन्हळीत साचतं, पिष्ट तळाशी बसतं, निवळ वाहून जाते. पाणी गढूळ होईनासं झालं की चोथा फेकायचा. ओला साका सागोच्याच पानांत गच्च बांधला जातो.

ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने सेराममध्ये हे काम पाहिलं आणि १८६९ सालच्या ‘द मलाय आर्किपेलॅगो’मध्ये त्याचा हिशेब मांडला: दोन पुरुष पाच दिवसांत एक झाड संपवतात, दोन बायका आणखी पाच दिवसांत त्याच्या वड्या भाजतात, आणि तेवढ्यात एका माणसाची वर्षाची बेगमी होते. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की इतकं स्वस्त अन्न माणसाला आळशी करतं. हिशेब चोख असेल, निष्कर्ष मात्र पटत नाही. सागोत जवळजवळ निव्वळ पिष्ट असतं, प्रथिनं नगण्य. ती मिळवायला मासेमारी आणि शिकार करावीच लागते.

म्हणूनच पापेडा एकटा खाल्ला जात नाही. पिष्टावर उकळतं पाणी ओतून घोटलेला हा पारदर्शक, चिकट गोळा दोन काड्यांवर गुंडाळून हळद घातलेल्या माशाच्या पिवळ्या रश्श्यात सोडतात. भाजून वाळवलेल्या कडक वड्या मात्र फार काळ टिकतात. झावळ्यांनी घरं शाकारतात, त्यांच्या दांड्यांच्या भिंती करतात. पाडून ठेवलेल्या खोडात सोंडेकिडे अंडी घालतात. त्यांच्या गुबगुबीत अळ्या न्यू गिनीत आवडीने खातात, प्रथिनांची तूट त्याही भरून काढतात.

आपल्या उपासाचा साबुदाणा या झाडाचा नव्हे. तो तामिळनाडूत सेलमच्या परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून होतो, आणि ते पीक मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. पण कंद किसून, धुऊन, साका बसवण्याची रीत मुळात तीच.

सागोला दलदल दलदलच राहिलेली चालते, हे त्याचं सर्वांत मोलाचं वैशिष्ट्य. तेलताडाच्या मळ्यासाठी मात्र पाणथळ जमिनीत चर खणून पाणी काढून टाकावं लागतं. जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची, असेल तर ती खचते, वाळून पेटते. न्यू गिनीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मेरौके भागातले मारिंद लोक सागोला आपल्या कुळाचा नातलग मानतात. त्यांच्या मुलखात २०१० साली इंडोनेशियाच्या सरकारने शेतीचा प्रचंड प्रकल्प जाहीर केला आणि तेलताडाच्या मळ्यांसाठी जंगल तोडलं गेलं. तिथे फुलोऱ्याची वाट कुणी पाहिली नाही, आणि बुंध्याचे फुटवेही शिल्लक ठेवले नाहीत.