इंजिन ऑइलमधला रबराचा वाटा

वंगण तेल तापले की पातळ होते, गार झाले की घट्ट होते. साखरेच्या पाकाचेही तसेच, पण पाकाला दोन्ही अवस्थांत काम करावे लागत नाही. इंजिनातल्या तेलाला करावे लागते. थंडीतल्या पहाटे किक मारताना ते इतके घट्ट नको की पंपाला उचलणे जड जावे, आणि घाट चढून आल्यावर इतके पातळ नको की बेअरिंगमधला तेलाचा पापुद्रा फाटून धातू धातूला घासावा.

तेलाच्या या घट्टपणाला शास्त्रात श्यानता म्हणतात, आणि ती मोजण्याचे नेहमीचे साधन म्हणजे काचेची एक वाकडी नळी. नळीचा एक भाग फार बारीक असतो. ही नळी ४० किंवा १०० अंश सेल्सिअसला राखलेल्या काचेच्या टाकीत उभी बुडवतात आणि टाकीचे तापमान अंशाच्या दोन शतांशांपलीकडे हलू देत नाहीत. मग तेल वर ओढून सोडायचे, वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला त्याला लागलेले सेकंद मोजायचे आणि नळीच्या ठरलेल्या अंकाने गुणायचे. उत्तर सेंटिस्टोकमध्ये येते. २० अंशांचे पाणी सुमारे १ सेंटिस्टोक भरते. मोटारसायकलीत घालतात ते ट्वेंटी-फॉर्टी तेल ४० अंशांना साधारण १२५ आणि १०० अंशांना १४ भरते. म्हणजे साठ अंश चढेपर्यंत ते जवळजवळ नवव्या हिश्श्यावर उतरते.

सगळी तेले सारख्याच वेगाने पातळ होत नाहीत. १९२९ मध्ये अमेरिकेत डीन आणि डेव्हिस यांनी या फरकाला आकडा दिला. तापल्यावर कमी पातळ होणारे पेनसिल्व्हेनियाचे तेल १०० धरले, फार पातळ होणारे आखाती किनाऱ्याचे तेल शून्य धरले आणि बाकीची तेले त्या पट्टीवर बसवली. हाच श्यानता निर्देशांक. चांगली तेले आज शंभराच्या पुष्कळ पुढे जातात.

डब्यावरचा ‘२०डब्ल्यू-४०’ हा आकडा अनेकांना तापमान वाटतो. तो तसा नाही. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा तेल गारठ्यात इंजिन किती सहज फिरू देते ते सांगतो. त्याची चाचणी उणे १५ अंशांना होते. दुसरा आकडा सांगतो की १०० अंशांना तेल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान आहे. या दोन्ही अटी एकाच तेलात बसवण्याची नेहमीची युक्ती अशी: मुळात पातळ तेल घ्यायचे, म्हणजे थंडीची अट भागते, आणि उष्णतेतली तूट पॉलिमरने भरून काढायची.

यासाठी सर्रास वापरला जाणारा पॉलिमर इथिलीन आणि प्रोपिलीनपासून बनतो. गाडीच्या दाराला लावलेल्या रबरी पट्टीच्या जातकुळीतलाच हा पदार्थ, आणि कारखान्यात तो येतोही रबराच्या लाद्यांच्या रूपात. लादीचे बारीक तुकडे करून ते शंभर अंशांवर तापवलेल्या तेलात थोडे थोडे सोडतात. तुकडे आधी फुगतात, बुळबुळीत होतात आणि कित्येक तास ढवळल्यावर विरघळतात. घाई केली तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात: बाहेरून लगदा, आत कोरडे रबर. नीट जमलेले द्रावण बोटाने उचलले तर पाकासारखी तार धरते. हे द्रावण पुढे मूळ तेलात मिसळतात. तयार तेलात निव्वळ पॉलिमर शेकडा एकदोन भागच असतो.

एवढ्याशा रबराने एवढा फरक पडतो तो त्याच्या लांबीमुळे. तेलाच्या रेणूत कार्बनचे अणू काही डझन. पॉलिमरच्या साखळीत ते हजारो. साखळी तेलात लोकरीच्या सैल गुंड्यासारखी राहते आणि आपल्याबरोबर बरेच तेल अडवून धरते. पॉलिमेथाक्रिलेट या दुसऱ्या जातीत तर थंड तेलात गुंडा आवळलेला असतो आणि तापल्यावर फुलतो, म्हणून गरज असते तेव्हाच त्याचा भर जास्त पडतो. इथिलीन-प्रोपिलीनचा गुंडा इतका फुलत नाही. तो सगळ्याच तापमानांना तेल घट्ट करतो. काहीही असले तरी ‘हे तेल तापल्यावर घट्ट होते’ ही समजूत चुकीची आहे. तेल पातळच होते, फक्त कमी प्रमाणात.

खरी अडचण यापुढे आहे. बेअरिंगच्या फटीत तेलाचे थर एकमेकांवरून प्रचंड वेगाने घसरतात, तेव्हा गुंडे ताणले जाऊन प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि तेल तेवढ्यापुरते पातळ पडते. बाहेर आले की ते पूर्ववत होते. पण ताण फार झाला तर साखळी तुटते, तीही बहुधा मधोमध, आणि ते नुकसान भरून येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात चालतात. गिअरचे दाते या साखळ्या अक्षरशः कुटतात.

साखळ्या किती तुटतात हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत तेल डिझेलच्या इंजेक्टरमधून ३० वेळा फवारतात. समजा, मूळ तेल ८ सेंटिस्टोक आणि पॉलिमर घातल्यावर १४.५, म्हणजे पॉलिमरची कमाई ६.५. त्यातला निम्मा भाग गमावणारा पॉलिमर असेल तर तेल ११.२५ वर येते आणि चाळीसच्या वर्गातून तिसात घसरते. पाव भाग गमावणारा असेल तर ते १२.९ वर थांबते आणि चाळीसच राहते. लांब साखळी थोडक्यात काम भागवते पण लवकर तुटते. आखूड साखळी टिकते पण जास्त घालावी लागते. जास्त घातलेला पॉलिमर पिस्टनच्या गरम खाचांत करपून थर धरू शकतो. म्हणून मुळातच उच्च निर्देशांकाचे तेल घेऊन पॉलिमर कमी ठेवणे हा अधिक चांगला मार्ग, फक्त तो महाग पडतो.

काढलेले तेल बोटांत चोळून ‘अजून दम आहे’ असे सांगण्याची गॅरेजमधली रीत यात उपयोगी नाही. काजळी आणि जुनेपणा तेल घट्ट करत असतात, तुटलेल्या साखळ्या पातळ करत असतात, आणि बोटाला फक्त त्यांची वजाबाकी लागते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेड आणि ऑइल बदलण्याचे किलोमीटर, हे दोन्ही आकडे पाळावेत.